ब्रेल नोटटेकर अडला? कुरिअर करण्याआधी हे तपासा

ब्रेल नोटटेकर म्हणजे टिंबांच्या बटणांनी लिहायचं आणि वर उठणाऱ्या टिंबांवर बोट फिरवून वाचायचं यंत्र. त्यावर ‘काम’ टाइप केलं आणि बोटाखाली ‘काक’ लागलं, तर लगेच सर्व्हिस सेंटरला फोन लावू नका. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, अक्षर एक ते सहा नंबरांच्या टिंबांतून बनतं: म म्हणजे टिंब १-३-४ आणि क म्हणजे १-३. थोडक्यात, म मधलं चौथं टिंब वाटेत कुठेतरी गळालंय. कुठे, ते शोधायला दोन मिनिटं पुरतात. दुरुस्तीला गेलेलं यंत्र परत यायला मात्र आठवडेच्या आठवडे जातात, आणि तेवढे दिवस वही-पेन हिरावून घेतल्यासारखे काढावे लागतात.

गळती दोन ठिकाणी होऊ शकते: टायपिंगच्या बटणात किंवा वाचायच्या सेलमध्ये, म्हणजे एका अक्षराच्या टिंबांच्या चौकटीत. चौथ्या टिंबाचं बटण लागत नसतं, तर आ चंही चौथं टिंब गेलं असतं. ब्रेलमध्ये काना वेगळ्या सेलवर आ म्हणून लिहितात, आणि आ म्हणजे ३-४-५. त्यातलं चार गेलं की उरतं ३-५, म्हणजे ई. तेव्हा शब्द ‘कीक’ झाला असता. ‘काक’ लागतंय याचा अर्थ बटण ठीक आहे, तिसऱ्या सेलचं चौथं टिंब वर येत नाहीये. खात्री हवी असेल तर शब्दाच्या आधी एक स्पेस द्या. आता आ तिसऱ्या सेलवर आला आणि म चौथ्यावर. ‘कीम’ लागलं की निदान पक्कं. शब्द सरकवल्यावर चूक जागच्या जागी राहिली तर दोष सेलचा. शब्दाबरोबर सरकली तर दोष बटणाचा. आवाज असलेल्या यंत्रात हे आणखी सोपं आहे. यंत्र ‘काम’ म्हणत असेल आणि बोट ‘काक’ म्हणत असेल, तर बटणांना हात लावायचं कारण नाही.

चाचणीची फाइल

हे एका शब्दापुरतं झालं. सगळा डिस्प्ले तपासायला एक छोटी फाइल करून यंत्रातच ठेवा, नाव द्या ‘चाचणी’. संगणकावर साध्या नोटपॅडमध्ये चार ओळी लिहा. पहिल्या ओळीत बरोबरचं चिन्ह, जितके सेल तितक्या वेळा: वीस सेलच्या यंत्राला २०, चाळीसच्याला ४०. दुसऱ्या ओळीत तितक्याच स्पेस. तिसऱ्यात इंग्रजी छोटा ओ, चौथ्यात चौकोनी उघडता कंस. फाइल बीआरएफ या, म्हणजे तयार ब्रेलच्या फाइलच्या, एक्स्टेन्शनने सेव्ह करा. टीएक्सटी केलीत तर यंत्र त्यावर अक्षरांचं ब्रेल करायचा आपला तक्ता चालवेल आणि चाचणी फुकट जाईल.

बीआरएफमध्ये बरोबरचं चिन्ह म्हणजे सहाही टिंबं, आपला ढ. ही ओळ डावीकडून उजवीकडे एका बोटाने, न दाबता वाचा. खळगा लागला की थांबा, कितवा सेल ते मोजा. सेलवरची कर्सर राउटिंगची, म्हणजे कर्सर त्या जागी नेणारी, बटणं मोजायला बरी पडतात, कारण प्रत्येक सेलला एक बटण असतं. दुसरी ओळ पूर्ण सपाट लागायला हवी. तिथे काही टोचलं तर ते टिंब खाली जात नाहीये. तिसऱ्या ओळीत १-३-५ आणि चौथीत २-४-६ येतात. एका ओळीवरून दुसरीवर पाच-सहा वेळा ये-जा करा. आळशी टिंबं इथे सापडतात, उशिरा उठणारी किंवा शेजारच्याला चिकटून राहणारी. सेलच्या तळाची सात आणि आठ नंबरची जादा टिंबं या फाइलने कळत नाहीत. त्यासाठी टाइप करता येईल अशी फाइल उघडून कर्सर एकेक सेल पुढे न्या. बहुतेक यंत्रांत कर्सर ७-८ वर दिसतो.

जे सापडेल ते लिहून ठेवा: ‘सेल १७, टिंब ४, वर येत नाही’. ‘डिस्प्ले खराब आहे’ या वाक्याने तंत्रज्ञाला काहीच कळत नाही.

नमुन्यावरूनही बरंच ओळखता येतं. एखाददुसरं टिंब बिघडलं असेल तर बहुधा घाण. एकाच सेलची आठही टिंबं गेली असतील तर त्या सेलची जोडणी सैल किंवा सेलच गेला. एका सेलपासून पुढे शेवटापर्यंत सगळं निरर्थक लागत असेल तर दोष नेमका त्या सीमेवर असतो, कारण पिएझो डिस्प्लेत (विजेने वाकणाऱ्या पट्ट्या टिंबं उचलतात तो प्रकार) सेल साखळीने जोडलेले असतात आणि माहिती एकातून दुसऱ्यात सरकत जाते. आणि आवाज ठीक येतोय पण सगळी टिंबं झोपली आहेत, तर सेलना उच्च दाबाची वीज देणारा भाग गेलाय. या शेवटच्या तिन्हींवर घरी उपाय नाही.

टिंब अडकतं का

पिएझो सेलमध्ये प्रत्येक टिंबाखाली एक पातळ पट्टी असते. तिला साधारण २०० व्होल्टचा दाब दिला की ती किंचित वाकते आणि टोकावर नुसती टेकवलेली प्लास्टिकची बारीक पीन वर ढकलली जाते. दाब प्रचंड, पण करंट नगण्य, आणि ढकलण्याची ताकदही अगदी थोडी. भोकाच्या कडेला तेलकट मळ साचला की तेवढी ताकद पुरत नाही. टिंब अर्धंच उठतं, बोट टेकताच बसतं.

मळ कुठून येतो ते आपल्याला माहीतच आहे. डोक्याला लावलेलं खोबरेल, चिवडा, शाळेतला खडू. सगळ्यात वाईट मात्र पावडर. उकाड्यात बोटं चिकटतात म्हणून पुष्कळजण बोटांना टाल्कम पावडर लावून वाचतात. कागदी ब्रेलला ती सवय चालून जाते. इथे पावडर घामात मिसळून भोकांच्या कडेला लगद्यासारखी बसते. त्यापेक्षा मांडीवर कोरडा सुती रुमाल ठेवा आणि चार-पाच ओळींमागे बोटं पुसा. वाचायला बसण्याआधी साबणाने हात धुऊन ते पूर्ण कोरडे करणं, एवढ्या एका सवयीने बऱ्याच तक्रारी येतच नाहीत. ओले हात मात्र मळक्या हातांइतकेच वाईट.

सफाई कशी करायची? आधी यंत्राची पुस्तिका वाचा, कारण काही कंपन्या अल्कोहोल चालेल म्हणतात, काही स्पष्ट नाही म्हणतात. पहिली फेरी नेहमी कोरडी. चाचणीची सहा टिंबांची ओळ उघडा म्हणजे पिना वर राहतील. चष्मा पुसायचं मायक्रोफायबरचं कापड घ्या आणि एकाच दिशेने, डावीकडून उजवीकडे, वजन न देता फिरवा. कापूस नको, त्याचे धागे पिनांना गुंडाळतात आणि एका अडचणीच्या दोन होतात. मग सपाट ओळीवर जा, परत भरलेल्या ओळीवर या, असं दहा वेळा करा. सैल झालेला मळ पिनांच्या हालचालीने वर येतो, तो पुन्हा पुसा.

एवढ्याने भागलं नाही आणि पुस्तिकेत परवानगी असेल, तर ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. दवाखान्यातल्या ७० टक्केवाल्यात पाणी जास्त असतं. चार्जर काढा. धागे न सुटणाऱ्या स्वॅबला दोन थेंब लावा, टिपकागदावर टेकवून जादाचं काढा. स्वॅब गालाला लावून बघा: गार लागला पाहिजे, ओला नाही. अडलेल्या टिंबावरून दोन-तीनदा फिरवा आणि १५ मिनिटं यंत्र तसंच ठेवून मग चाचणी घ्या. यंत्रावर थेट थेंब टाकणं, स्प्रे मारणं, काच पुसायचं लिक्विड किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरणं, यातलं काहीही करू नका. रिमूव्हरमधलं ॲसिटोन प्लास्टिक विरघळवतं. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवाही नको. ती मळ आत ढकलते. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो रबरी फुगा चालेल, तिरका धरून.

उघडून साफ करायचा मोह टाळा. सेलची टोपी निघाली की पिना मोकळ्या होतात, आणि यंत्र जरा कललं तर शेंगदाण्याच्या टरफलांसारख्या सांडतात, फक्त त्याहून कितीतरी बारीक. चाळीस सेलच्या डिस्प्लेत त्या ३२० असतात. मोबाइल दुरुस्त करणारा कितीही हुशार असला तरी हे काम त्याचं नाही.

हे सगळं पिएझो डिस्प्लेबद्दल. ऑर्बिट रीडर २० सारख्या यंत्रांची रचना निराळी आहे. तिथे वर आलेलं टिंब यांत्रिकपणे अडकून राहतं, बोटाने दाबलं तरी बसत नाही, आणि ओळ बदलताना खळखळ ऐकू येते, वेळही जरा जास्त लागतो. पिएझोची सवय असलेल्याला तो बिघाड वाटतो. तो बिघाड नाही.

पावसाळा

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा खरा परीक्षेचा काळ. दमट हवेत पिएझो पट्ट्या सुस्तावतात, टिंबं मऊ लागतात. एसी ऑफिसमधून थेट बाहेरच्या दमट हवेत यंत्र काढलं की आत दव धरतं, अगदी फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसं. बाहेर आल्यावर यंत्र अर्धा तास बॅगेतच बंद राहू द्या, मग सुरू करा.

रात्री ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत ५० ग्रॅमच्या दोन सिलिका जेलच्या पुड्या. या पुड्यांत रंग बदलणारे मणी मिळतात, संपल्याचं रंगावरून कळावं म्हणून. आपल्याला त्या सोयीचा उपयोग शून्य. त्यामुळे तारखेने चाला: पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने बदला. तांदळाच्या डब्यात यंत्र पुरू नका. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, आणि त्याचं पीठ भोकांत जातं.

बटणं

रिकामी फाइल उघडून एक ते सहा टिंबं एकेकटी टाइप करा, मग सगळी एकदम. ‘ढ’ च्या जागी वेगळं अक्षर उमटलं तर कुठलं बटण मुकं आहे ते लगेच कळतं. तिसरं बटण रुसलं की ल चा ब होतो, म चा च होतो, न चा द होतो. चौथं रुसलं की प चा ल होतो.

एकेकटी बटणं बरोबर लागतात पण जलद लिहिताना अक्षरं तुटतात, अशी तक्रार खूप असते. यंत्र सगळी बोटं उचलली गेल्यावरच अक्षर धरतं. एखादं बोट आधीच्या अक्षरातून सुटायला उशीर करत असेल, किंवा बटणाची स्प्रिंग मंदावून ते हळू वर येत असेल, तर दोन अक्षरं एकात मिसळतात. कुठलं ते कानाने शोधा: प्रत्येक बटण दाबून झटकन सोडा, वर येतानाचा टक आवाज ऐका. ज्याचा आवाज दबका, तिथे कचरा आहे. यंत्र उलटं धरून हलकेच थोपटा, कडेने रबरी फुगा मारा. स्पेसबार एका टोकाला दाबल्यावर लागतो आणि दुसऱ्या टोकाला नाही, असं झालं तर त्याखालची आधाराची तार सुटलेली असू शकते. ते काम सर्व्हिसचं. तोवर अंगठा चालणाऱ्या बाजूला ठेवा. डब्ल्यूडी ४० किंवा शिलाई मशीनचं तेल कुठेही घालायचं नाही.

चार्जिंग

‘बॅटरी गेली’ असं म्हणण्याआधी केबल बदला. केबलची परीक्षा फोनवर घ्या: ती फोनला लावा, टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, म्हणजे फोनचा स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज, चार्जिंग सुरू झाल्याचं सांगेल, मग केबल दोन्ही टोकांशी हळूहळू वाकवा. मधेच चार्जिंग तुटलं-जुळलं की केबल फेकून द्या.

टाइप सी पोर्ट असलेल्या काही यंत्रांची एक खोड आहे. दोन्हीकडे सी असलेल्या केबलने, नव्या फोनच्या चार्जरवर ती चार्जच होत नाहीत, आणि एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेल्या केबलने लगेच होतात. कारण असं की, सी टू सी मध्ये चार्जर आधी समोरच्या यंत्रातले ठराविक रोध (रेझिस्टर) तपासतो. ते नसतील तर तो वीज सोडतच नाही. यंत्र चांगलं, केबल चांगली, चार्जरही चांगला, तरी काम अडतं. म्हणून पेटीत आलेली केबल जपून ठेवा आणि तिला एक रबरबँड गुंडाळून खूण करा.

मायक्रो यूएसबीचं पोर्ट उलटी पीन घुसवल्याने मोडतं, आणि ते मदरबोर्डवरून उखडलं तर खर्च मोठा. पिनेच्या एका सपाट बाजूला दोन बारीक हूक नखाला लागतात. आपल्या यंत्रात ते वर येतात की खाली, हे एकदा ठरवा आणि पिनेच्या वरच्या बाजूला चिकटपट्टीचा उंचवटा करा. पीन सैल बसत असेल तर पोर्टमध्ये बॅगेतला कापडी भुसा दाबून बसलेला असतो. यंत्र बंद करून लाकडी टूथपिकने तो कडेकडेने उकरा. सेफ्टी पीन नको, शॉर्ट होईल.

लॅपटॉपच्या साध्या यूएसबी २ पोर्टमधून फक्त ५०० मिलिॲम्पिअर मिळतात, त्यामुळे वापरता वापरता चार्जचा आकडा जागचा हलत नाही. भिंतीवरच्या चार्जरवर लावा. गोल पिनेचा ॲडॅप्टर असलेल्या जुन्या यंत्रांना बाजारातला ‘बसतोय ना’ असा ॲडॅप्टर कधीही लावू नका. व्होल्ट आणि पिनेच्या आतल्या-बाहेरच्या ध्रुवांचं चिन्ह डोळस माणसाकडून वाचून घ्या, दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. मे महिन्याच्या सुट्टीत यंत्र कपाटात जाणार असेल तर बॅटरी निम्म्यावर ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर महिन्याभरात ती इतकी खाली जाते की चार्ज घ्यायलाच नकार देते. आणि यंत्राची पाठ फुगल्यासारखी लागली, टेबलावर ते डुलायला लागलं, तर चार्जिंग तिथेच थांबवा. फुगलेली बॅटरी दाबायची किंवा टोचायची नसते.

कार्ड

लिहिलेलं सेव्ह होत नाही, पण जुन्या फाइली उघडतात? पूर्ण आकाराचं एसडी कार्ड बाहेर काढा. कापलेला कोपरा वर उजवीकडे येईल असं धरलं की डाव्या कडेला एक सरकता खटका लागतो. तो वर, म्हणजे सोनेरी पट्ट्यांच्या दिशेला असेल तर कार्ड मोकळं. खाली सरकला असेल तर कुलूप. कार्ड आत-बाहेर करताना तो आपोआप सरकतो. वर ढकला, वरून पारदर्शक चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. कार्ड यंत्र बंद असतानाच काढायचं. ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं कार्ड बहुतेक यंत्रांना मानवतं. त्याहून मोठी कार्डं दुकानातून वेगळ्या फॉरमॅटमध्ये येतात आणि जुनी यंत्रं ती ओळखतच नाहीत.

ब्लूटूथची जोडणी सारखी तुटत असेल तर यंत्र फोन आणि लॅपटॉप दोघांशीही जोडलेलं आहे का ते बघा. दोघं ओढाताण करतात. एकावरचं ब्लूटूथ बंद करा, नाहीतर सरळ केबल लावा.

चहा सांडला तर

चार्जर काढा, यंत्र बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा. टिंबं खालच्या बाजूला येतील असं उलटं करून कोरड्या टॉवेलवर ठेवा. हेअर ड्रायर नको. ४८ तास सुरू करून बघायचं नाही, कितीही जीव वर-खाली झाला तरी. साधं पाणी असेल तर यंत्र सुटण्याची आशा असते. साखरेचा चहा सुकल्यावर पिना जागच्या जागी चिकटवतो, त्यामुळे तो सांडला तर यंत्र सुरू न करताच दुरुस्तीला पाठवा आणि काय सांडलं ते खरं सांगा.

पाठवावंच लागलं तर

आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवा, कार्ड काढून घ्या, सीरियल नंबर लिहून ठेवा. केबलमुळेच शंका असेल तर केबलही सोबत द्या. डिस्प्लेवर मऊ कापड, त्यावर कडक पुठ्ठा, मग बबल रॅपचे तीन वेढे आणि सगळ्या बाजूंनी दोन इंच भरणा. खोकं हलवल्यावर आत काहीही सरकता कामा नये. लिथियम बॅटरी आत असल्याचं कुरिअरवाल्याला आधी सांगा. यंत्र परदेशी जाणार असेल, तर ते दुरुस्तीसाठी जातंय आणि परत येणार आहे अशी कस्टमची कागदं जातानाच करून घ्या. नाहीतर परतताना नवी खरेदी समजून शुल्क मागतात.

आत एक चिठ्ठी ठेवा, छापील अक्षरात: सेलचा नंबर, टिंबाचा नंबर, वर येत नाही की खाली जात नाही, कधीपासून, आणि घरी काय काय करून झालं. मधल्या दिवसांसाठी हाताने ब्रेल लिहायची पाटी आणि स्टायलस कपाटातून काढून ठेवा.